उलटे वाचा, सुलटे वाचा



वाल्या कोळ्याची कथा आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? ज्याच्या मुखातून 'राम' हे नाव निघेना, त्याला नारदांनी 'मरा, मरा' म्हणावयास सांगितले आणि म्हणता म्हणता 'मरा'चा 'राम' झाला. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना आम्हांला तिच्यातील भक्तीपेक्षा अक्षरांची गंमतच अधिक भावली होती. दोनच अक्षरे; सुलटी घेतली तर देवाचे नाव, उलटी घेतली तर मरण. पुढे शाळेत 'रामाला भाला मारा' हे वाक्य फळ्यावर पाहिले आणि ते शेवटाकडून वाचले तरी तेच राहते हे कळल्यावर आठवडाभर आम्हांला दुसरे काही सुचेना. घरातली नाती पाहावीत तर काका, मामा, दादा, नाना, सारे उलटसुलट सारखेच! मग संस्कृतच्या तासाला कळले की 'साक्षरा' हा शब्द उलटा केला की 'राक्षसा' होतो. शिकलेला माणूस उलटला की काय होतो, हे ह्यापेक्षा थोडक्यात कोणी सांगावे?

आज आम्ही बोलणार आहोत ते ह्या गमतीविषयीच. ही गंमत केवळ रिकामपणाचा उद्योग आहे, की तिच्यात काही तथ्य आहे, हा आजचा प्रश्न आहे. आपल्या गावाचे नाव ह्या परीक्षेत उतरत नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. 'करमाड' उलटे वाचले तर 'डमारक' होते आणि त्याला काही अर्थ नाही. पण करमाडच्या स्थानकावर जालन्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, बदनापूर, जालना, परतूर, सेलू अशी स्थानके मागे टाकीत मानवत रोडला उतरावे आणि पाथरीची वाट धरावी. ज्या गावी आपण पोचतो, त्या गावच्या एका माणसाने पावणेपाचशे वर्षांपूर्वी ह्या गमतीचे काव्य करून ठेवले आहे. आणि तो माणूस गणिती होता.

पाथरीचा पंडित

पाथरी म्हणजे संस्कृत ग्रंथांतील पार्थपूर. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथे ज्योतिष्यांचे एक घराणे नांदत होते. त्यातील ज्ञानराज ह्याने शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचिला. त्याचा मुलगा सूर्य. ग्रंथांतून तो दैवज्ञ सूर्य पंडित, सूर्यदास, सूर्यकवी अशा निरनिराळ्या नावांनी भेटतो. त्याचा जन्म इ. स. १५०७-०८ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर त्याने १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि 'लीलावती'वर १५४१ मध्ये 'गणितामृतकूपिका'. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ह्या आपल्या मराठी ग्रंथात ह्या घराण्याची ओळख करून दिली आहे.

तो काळ काही शांततेचा नव्हता. अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही ह्यांच्यात ह्याच पाथरीवरून लढाया होत होत्या. निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. म्हणून त्यांना हे गाव हवे होते. गाव एकाकडून दुसऱ्याकडे जात होते आणि त्याच गावचा एक पंडित भास्कराचार्यांची गणिते सोडवून दाखवीत होता व फुरसतीत अक्षरे उलटसुलट मांडीत होता.

ह्या फुरसतीचे फळ म्हणजे 'रामकृष्णविलोमकाव्य'. ह्यातील प्रत्येक श्लोकाचा पूर्वार्ध रामाची कथा सांगतो. तोच पूर्वार्ध शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे वाचीत आले म्हणजे उत्तरार्ध तयार होतो, आणि तो कृष्णाची कथा सांगतो! जाताना अयोध्या, येताना गोकुळ. ह्यात अडचणी किती, ह्याचा विचार करा. आपल्या लिपीत उलटावयाचे ते अक्षर, म्हणजे स्वरासह व्यंजन. जोडाक्षर आले तर ते अखंड उचलावे लागते. 'भक्त' उलटा केला तर 'क्तभ' होतो, आणि 'क्त' ने आरंभ होणारा शब्द आणावा कोठून? म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारे प्रत्येक जोडाक्षर उलट्या वाचनातही कोठेतरी शोभले पाहिजे. त्यातून विभक्तीचे प्रत्यय सांभाळावयाचे, वृत्तातील लघुगुरू दोन्ही दिशांनी जमवावयाचे आणि एवढे करून दोन निरनिराळ्या कथा सांगावयाच्या! अनुस्वार व विसर्ग इकडेतिकडे झाले तर चित्रकाव्यात तो दोष मानीत नाहीत, एवढीच काय ती कवीला सवलत.

अशी रचना सूर्य पंडितापूर्वीही होती. भारवीने 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गात व माघाने 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात, दोघांनीही युद्धवर्णनात, उलटसुलट सारखेच वाचले जाणारे श्लोक घातले आहेत. पण साहित्यशास्त्रकारांचे मत ह्या प्रकाराविषयी कधी चांगले झाले नाही. आनंदवर्धनाने चित्रकाव्याला खरे काव्य मानले नाही. मम्मटाने त्याला काव्याच्या तीन प्रतींत शेवटची प्रत दिली. रसाच्या दृष्टीने त्यांचा निकाल आम्हांलाही मान्य आहे. सूर्य पंडिताचे श्लोक वाचून डोळ्यांत पाणी येत नाही.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समजा, अशा श्लोकाच्या पोथीचे पान वाळवीने खाल्ले आणि उत्तरार्ध नाहीसा झाला. इतर कोणत्याही काव्याचे गेलेले अर्ध पुन्हा मिळावयाचे नाही. ह्या श्लोकाचे मात्र पूर्वार्ध उलटा वाचला की हरवलेले अर्ध जसेच्या तसे हाती येते. ज्याला शास्त्रकारांनी खेळ म्हटले, त्या खेळाच्या पोटी ही एक राखणदारी आहे. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

विलोमविधी

'विलोम' हा शब्द काव्यातला तसाच गणितातलाही आहे. 'लीलावती'त विलोमविधी नावाचे एक प्रकरण आहे. त्यालाच व्यस्तविधी असेही म्हणतात. ही रीत इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानेही दिली होती. उदाहरण साधे घेऊ. एक आडत्या म्हणतो, "माझ्याजवळच्या पोत्यांची तिप्पट केली, तीत पाच मिळविली आणि आलेल्याची निमपट केली, तेव्हा दहा झाली. तर पोती किती?" विलोमविधी सांगतो की शेवटाकडून निघा आणि प्रत्येक पावलाला उलटी क्रिया करा. दहाची दुप्पट वीस. विसातून पाच वजा, पंधरा. पंधराला तिनाने भागले, पाच. पोती पाच.

येथे दोन कामे बरोबरीने झाली. एक, क्रम उलटला. दुसरे, प्रत्येक क्रियेच्या जागी तिची विरुद्ध क्रिया आली : गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. विलोमकाव्यात फक्त पहिले काम होते. तेथे 'रा' चा 'रा'च राहतो, केवळ त्याची जागा बदलते. गणितातला विलोम एक पाऊल पुढे जातो. हा भेद बारीक आहे, पण पुढल्या साऱ्या कथेचे मर्म त्यात आहे. आणि ज्या सूर्य पंडिताने अक्षरांचा विलोम करून दाखविला, त्यानेच 'लीलावती'वर टीका लिहिताना हा दुसरा विलोमही उलगडून सांगितला.

भास्कराचार्यही आपल्याला परके नाहीत. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याच्या दानाचा इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. देवगिरी, पाटण, पाथरी : कन्नडच्या घाटाच्या अलीकडे-पलीकडे आणि गोदेच्या काठाने ही विद्या तीन-चारशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या वाहत होती.

अंकांचे हार

अक्षरांचे जे, तेच अंकांचे. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट कृष्णाच्या काळी कोरले गेले, त्याचा पणतू अमोघवर्ष. त्याच्या राज्यात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाच्या जैन गणित्याने 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात काही गुणाकार असे निवडले आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखे यावे. अशा उत्तराला तो कंठाभरण म्हणतो. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर येते १२३४५६५४३२१. मध्ये मोठा मणी सहाचा, दोन्ही बाजूंना उतरते मणी. कोणत्याही टोकाकडून ओवा, हार तोच.

आता हाच हार दुसऱ्या वाटेने पाहा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११११ चा वर्ग महावीराचा तो १२३४५६५४३२१. महावीरानंतर सुमारे अकराशे वर्षांनी आपल्याच महाराष्ट्रातील एक शाळामास्तर ह्या संख्यांच्या नादी लागला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्याचे नाव. जन्म डहाणूचा, १९०५ मधला. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत नोकरी. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकावर ह्या संख्यांचा विचार त्यांना सुचला, आणि डेमलो ह्या त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी संख्यांना 'डेमलो संख्या' असेच नाव दिले. तेच आजचे डोंबिवली. मोठे सिद्धान्त कचेरीत सुचतात असे थोडेच आहे!

कापरेकरांचे ६१७४ तर जगभर पोचले. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग तीच संख्या उलटी लिहून त्यातून वजा करा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ४७५६ घेतली तर ७६५४ वजा ४५६७ म्हणजे ३०८७; मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२; मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. येथे आलात की पुढे वाट नाही : पुन्हा केले तरी ६१७४. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पावलांत ह्याच उंबरठ्यावर येते. विद्वानांपैकी पुष्कळांनी हा पोरखेळ मानला. १९७५ साली अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर ह्यांनी कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कोठे घरच्या लोकांचे लक्ष गेले. १९८६ मध्ये ते वारले.

हा खेळ पोरखेळ नाही, हे एका गमतीने दाखवितो. ज्या उलटसुलट संख्येत अंकांची गणना सम असेल, तिला ११ ने निःशेष भाग जातो. १२२१, ४८८४, ७३३७, हवी ती करून पाहा. कारण असे : ११ ची कसोटी एकाआड एक अंकांच्या बेरजांवर असते, संख्या आरशासारखी असली म्हणजे प्रत्येक अंकाचा जोडीदार दुसऱ्या बेरजेत पडतो आणि दोन्ही बेरजा सारख्या होतात. हे सोपे झाले. आता अवघड ऐका. कोणतीही संख्या घ्यावी, तिची उलट तीत मिळवावी आणि असे करीत राहावे. ८७ व ७८ मिळून १६५. १६५ व ५६१ मिळून ७२६. ७२६ व ६२७ मिळून १३५३. १३५३ व ३५३१ मिळून ४८८४. चार पावलांत उलटसुलट संख्या आली. ८९ ला चोवीस पावले लागतात. पण १९६ घ्या आणि बसा! यंत्रांनी हा हिशेब अब्ज अंकी संख्येपर्यंत नेला आहे. उलटसुलट संख्या आलेली नाही. ती कधीच येणार नाही, असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. चौथीतल्या मुलाला समजणारी बेरीज, आणि जगातले गणिती तिच्यापुढे हात जोडून उभे आहेत.

पेशीतली पोथी

आतापर्यंत माणसाने मांडलेले विलोम पाहिले. आता निसर्गाने मांडलेला पाहू.

आपल्या शरीराच्या पेशीपेशीत डी. एन. ए. नावाचा एक अतिसूक्ष्म दुपदरी धागा असतो. आईबापांचा वारसा त्यात लिहिलेला असतो. त्याची घडण १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक ह्यांनी सांगितली. रोझलिंड फ्रँकलिन ह्या विदुषीने घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्यात मोठा आधार होता. ह्या लिपीत अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी.

हा दुपदरी धागा कसा असतो, हे समजण्यासाठी आपली पंगत डोळ्यांपुढे आणा. दोन रांगा समोरासमोर बसल्या आहेत. नियम असा की ए च्या समोर टी च बसावयाचा आणि जी च्या समोर सी च. वाढपी देवळाकडून निघतो, पहिल्या रांगेला वाढीत दाराशी जातो, तेथे वळतो आणि दुसऱ्या रांगेला वाढीत देवळाकडे परत येतो. पेशीतले वाचनही असेच चालते. दोन पदर परस्परविरुद्ध दिशांनी वाचले जातात. आता पहिल्या रांगेत ओळीने जी, ए, ए, टी, टी, सी असे सहाजण बसले आहेत असे समजा. त्यांच्या समोर नियमाप्रमाणे सी, टी, टी, ए, ए, जी आले. वाढपी वळून दुसऱ्या रांगेने परत येऊ लागला म्हणजे त्याला कोण भेटतात? जी, ए, ए, टी, टी, सी. जाताना जे, येताना तेच!

येथे श्रोत्यांनी थांबून पाहावे. हे सहा अक्षरांचे पद आरशात धरले तर सारखे दिसत नाही. 'नयन' किंवा 'कनक' ह्यांच्यासारखे ते नाही. क्रम उलटावा आणि प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा जोडीदार घ्यावा, तेव्हाच ते पूर्ववत् होते. म्हणजे निसर्गाचा हा विलोम काव्यातल्या विलोमाच्या जातीचा नसून 'लीलावती'तल्या विलोमविधीच्या जातीचा आहे.

ही पदे निसर्गाने कशासाठी ठेवली? जीवाणूंवर विषाणू हल्ला करतात, आपला धागा त्यांच्यात घुसवितात. कित्येक जीवाणू असा परका धागा तोडून टाकतात, हे १९५० नंतरच्या वर्षांत ध्यानात आले. जिनिव्हाच्या वेर्नर आर्बर ह्यांनी त्याचे कारण शोधले : जीवाणूजवळ कात्रीसारखी प्रथिने असतात. बाल्टिमोरच्या हॅमिल्टन स्मिथ ह्यांनी १९७० मध्ये दाखविले की ही कात्री वाटेल तेथे चालत नाही, ठराविक पदावरच चालते, आणि ते पद उलटसुलट असते. त्यांचे सहकारी डॅनियल नेथन्स ह्यांनी त्या कात्रीने एका विषाणूचा धागा कापून त्याचा नकाशा केला. तिघांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पद उलटसुलट का असावे, ह्याचे उत्तर सुंदर आहे. अशी बहुतेक प्रथिने एकसारख्या दोन भागांची बनलेली असतात. ते भाग कात्रीच्या दोन पात्यांप्रमाणे समोरासमोर जुळतात. एक पाते एक पदर वाचते, दुसरे पाते दुसरा. पाती सारखी, म्हणून त्यांना दोन्ही पदरांवर सारखाच मजकूर हवा. मग जीवाणूचा स्वतःचा धागा त्या कात्रीतून वाचतो कसा? त्या पदांवर जीवाणू आधीच एक रासायनिक टिळा लावून ठेवतो. टिळा असलेला घरचा, नसलेला परका.

माणसाने ही कात्री उचलली आणि वंशशास्त्राचा कायापालट झाला. वर सांगितलेल्या सहा अक्षरांच्या पदावर 'इको आर वन' नावाची कात्री तिरपी चालते. तुटलेल्या टोकांशी चार अक्षरे लोंबत राहतात, आणि त्याच कात्रीने तोडलेला दुसरा कोणताही तुकडा त्यांच्याशी जुळतो. अशा कापण्याजोडण्याच्या विद्येतून जीवाणूंकडून माणसाचे इन्शुलिन करून घेता आले. १९८२ पासून ते बाजारात आले. आपल्या ओळखीतला मधुमेहाचा रोगी सकाळी जी सुई टोचून घेतो, तिच्यामागे हा उलटसुलट पदांचा इतिहास आहे.

आणि वाळवीने खाल्लेली ती पोथी आठवते ना? पुरुषांत जे वाय गुणसूत्र असते, त्याला बहुतांश लांबीत जोडीदार नाही. इतर गुणसूत्रांत चूक झाली तर जोडीदाराची प्रत पाहून ती दुरुस्त करता येते; वायने कोणाकडे पाहावे? २००३ मध्ये ह्या गुणसूत्राचा मजकूर प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आठ प्रचंड उलटसुलट पदे सापडली. सर्वांत मोठे सुमारे एकोणतीस लाख अक्षरांचे! त्याच्या दोन अर्धांत दहा हजारांत तीनच अक्षरांचा फरक. एक अर्ध बिघडले की दुसऱ्यावरून ते सुधारले जाते. ह्या रचनेला धोकाही आहे. दोन अर्धे चुकीच्या ठिकाणी गुंतली तर मधला मजकूर गळतो आणि काही पुरुषांना त्यामुळे संतती होत नाही. पण लक्षावधी वर्षे ह्या गुणसूत्राची राखण ज्या अनेक उपायांनी झाली, त्यांत विलोमश्लोकाची ही युक्ती आहे.

एका अक्षराची किंमत

आता विषय गमतीचा राहत नाही. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट अशा भागांत सिकलसेल नावाचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. ह्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोगी हाडांच्या वेदनांनी तळमळतो. मूळ कारण केवढे? रक्तातील एका प्रथिनाच्या मजकुरात एक अक्षर बदलते; ए च्या जागी टी येतो.

निरोगी माणसात तेथे सात अक्षरे अशी असतात : सी, सी, टी, जी, ए, जी, जी. मधले एक सोडले तर बाजूची तीन तीन अक्षरे मिळून उलटसुलट पद होते, आणि एक कात्री त्यावर बरोबर चालते. सिकलसेलमध्ये ए चा टी झाला की पद मोडते. कात्री येते, पद ओळखू शकत नाही, न कापता निघून जाते. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी ह्याच युक्तीने, गर्भातल्या बाळाला हा आजार आहे की नाही, हे जन्मापूर्वी सांगण्याची रीत बसविली. मोडलेल्या विलोमपदावरून रोग ओळखला! आता ह्याहून सोप्या रक्ततपासण्या आहेत आणि सरकारी दवाखान्यांतून त्या होतात. दोघेही वाहक असलेल्या आईबापांच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका असतो. म्हणून विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर रक्ताची चिठ्ठीही जुळवावी, हे आम्ही येथे आग्रहाने सांगतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०४७ पर्यंत ह्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आहे.

उपायाच्या कथेतही विलोम आहे. १९८७ मध्ये ओसाका येथील संशोधकांना एका जीवाणूच्या धाग्यात काही पदे ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा आलेली दिसली. ती अंशतः उलटसुलट होती. पुढे कळले की त्यांच्या मधल्या जागांत, पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूंच्या मजकुराचे तुकडे जपून ठेवलेले असतात. गावच्या पोलीस पाटलाने दरोडेखोरांची वही ठेवावी, तसा हा प्रकार. ह्या व्यवस्थेला 'क्रिस्पर' म्हणतात. त्या नावातले एक अक्षर उलटसुलट ह्या अर्थाच्या शब्दाचेच आहे. एमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींनी २०१२ मध्ये दाखविले की ही व्यवस्था हव्या त्या ठिकाणी धागा कापण्यास जुंपता येते, आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने ह्या रीतीने होणाऱ्या सिकलसेलवरील उपचारास संमती दिली; पाठोपाठ अमेरिकेने दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर सांगितली गेली. धानोऱ्याच्या किंवा धडगावच्या आदिवासी आईला हा आकडा वाचूनही दाखविता येणार नाही. विद्या झाली, ती घरापर्यंत पोचविणे बाकी आहे.

अभिमान आणि विवेक

ह्या ठिकाणी काही श्रोत्यांच्या मनात एक विचार आला असेल. सूर्य पंडिताला विलोम ठाऊक होता, विलोमविधीही ठाऊक होता. मग हे डी. एन. ए. आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते की! श्रोतेहो, हा मोह आवरला पाहिजे. पाथरीच्या पंडिताला पेशी ठाऊक नव्हती, जीवाणू ठाऊक नव्हता. सूक्ष्मदर्शक यंत्रच त्याच्या काळी निघाले नव्हते. त्याच्या नावावर त्याने न केलेले काम चढविले, तर त्याने केलेले काम झाकले जाते. आणि ते काम काही थोडके नाही. लढाईच्या धामधुमीत त्याने भास्कराचार्यांचे गणित पुढच्या पिढीच्या हाती दिले, आणि दोन दिशांनी वाचता येणारी रचना किती दूर नेता येते, हे करून दाखविले.

मग हे दोन विलोम एकत्र का सांगितले, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की आकृतीचा नाद ज्याला लागतो, त्याला आपण रिकामटेकडा म्हणू नये. सूर्य पंडिताला मम्मटाची तिसरी प्रत मिळाली, कापरेकर मास्तरांना उपहास मिळाला. ओसाकाच्या संशोधकांना ती विचित्र पदे दिसली, तेव्हा त्यांचा उपयोग काय, हे त्यांनाही सांगता आले नव्हते. त्यांनी फक्त ती टाकून दिली नाहीत. जीवाणू विषाणूंशी कसा झगडतो, ह्याचा विचार करणाऱ्या आर्बरांनी मधुमेहाचे औषध करावयाचे ठरविले नव्हते. पाहण्याची सवय असलेल्याला आधी आकृती दिसते. तिचे काम पुष्कळदा दुसऱ्याच्या आयुष्यात कळते.

परभणीच्या, बीडच्या, पैठणच्या जुन्या वाड्यांतून अजून बासनात बांधलेल्या पोथ्या आहेत. त्यांत काय आहे, हे पाहणारे हात थोडे आहेत, आणि वाळवीला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांतील सगळ्याच पोथ्या विलोमकाव्याच्या नाहीत, की ज्यांचे गेलेले अर्ध उरलेल्या अर्धावरून भरून काढता येईल. बहुतेकींचे जे गेले ते गेले. म्हणून आपल्या घरी असे एखादे बासन असेल तर ते ह्या उन्हाळ्यात सोडावे, ऊन दाखवावे आणि जाणत्याला दाखवावे, एवढी विनंती करून, आणि मुलांना रात्रीच्या जेवणानंतर १९६ ची बेरीज घालावी असे सुचवून, आम्ही आपली रजा घेतो.